धुराची बाजू

बाबा, राब भाजताना तू धुराच्या बाजूला का उभा राहायचास, हे मला तुला विचारायचं आहे. तू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझा नवराही गेला. मुलगा शाळेत होता तेव्हा त्याच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले, म्हणून आज लिहून विचारता येतंय.

भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून तू पेटवायचास. बाकीचे बाप्ये वारा पाठीशी घेऊन गप्पा मारत उभे, आणि तू एकटाच पलीकडे. "आग उडंल, इकडं कुणीतरी नको काय?" म्हणायचास. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. तांब्या घेऊन जवळ येते, तर तुझे खांदे हलतायत आणि तू धाकट्या काकाला हाका मारतोयस. काका आदल्या वर्षी घाटरस्त्याच्या कामावर, तुझ्या डोळ्यांदेखत, दगडाखाली गेला होता. त्याला खांद्यावरून तूच घरी आणलंस. आजी ऊर बडवत होती आणि लोक तुला म्हणत होते, "मर्द गडी! डोळ्याला टिपूस नाय." तिसऱ्या दिवशी तू पुन्हा कामावर गेलास.

मी पाणवठ्यावर सांगितलं, "आमचा बाबा धुरात रडतो." बायका खूप हसल्या. संध्याकाळी पारावर एकाने तुला विचारलं, "काय रं, डोळं पुसाया बायकोचं लुगडं देऊ काय?" तूही हसलास. पुढच्या वर्षी तू सगळ्यांबरोबर वाऱ्याच्या बाजूला होतास. मला एक शब्द बोलला नाहीस. कुणी सांगितलं ते तुला कळलं होतं का? एक थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं.

माझा नवरा गेला तेव्हा माझे डोळे कोरडेच राहिले. शेजारणींनी मला मधे बसवलं आणि पाठीवर थापा मारल्या. "रड गो, रड. नायतर छातीत बसंल." रडले तेव्हाच त्या उठल्या. तेव्हापासून विचार करते, बाप्याची छाती निराळी असते काय? तिच्यात काही बसत नाही? धुराची युक्ती तुझी तुला सुचली, की तुझ्या बापालाही तिथे उभं राहिलेलं तू पाहिलं होतंस?

तुझा नातू मुंबईला गोदीत होता. माल वर चढवताना दोरी तुटली, शेजारी उभा असलेला जोडीदार तिथल्या तिथे गेला. माघात हा दासगावला आगबोटीतून उतरून चालत घरी आला, तेव्हापासून उंबऱ्यावर बसून. नीट जेवत नाही, बोलत नाही. माझा दीर म्हणतो, "बांगड्या भर त्याला. येत्या बोटीनं परत धाडतो, कामाला लागला की सुधरंल." असाच परत गेला तर माझ्या हाती काय लागेल, याची मला धास्ती.

काल राब होता. मी मुद्दाम हिरवा पाला वर टाकला. दीर ओरडला, "वयनी, ओला पाला कशाला? धूर किती व्हतोय!" मी मुलाला म्हटलं, "तू तिकडं उभा ऱ्हा. आग उडंल." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गेला. मी दिराला भाकरी वाढली, त्याच्या बैलाचं कौतुक काढलं, त्याला इकडेच धरून ठेवलं. धूर विरला तेव्हा मुलगा आला, घटाघटा पाणी प्यायला, म्हणाला, "आये, त्याची टोपी माज्याकडंच हाय. त्याच्या आयशीला नेऊन द्याया पायजे." दोन महिन्यांत त्याचं एवढं लांब बोलणं पहिलंच. बोटीचं मी दिराला सांगितलं, आधी टोपी पोचेल, मग बघू.

आज पाणवठ्यावर एकीने विचारलं, "गो, तुझ्या लेकाचं डोळं लाल कशानं?"

मी म्हटलं, "धूर लागला." हंडा उचलला आणि निघाले. पण बाबा, खरं लिहिते, सांगायला तोंड उघडलं होतं.