मर्लिनचा होकार

मंगळवार, संध्याकाळ

मर्लिन जर्मनच्या तोंडी परीक्षेत पुन्हा नापास. नर्स म्हणून जर्मनीला जाणं या परीक्षेवरच अडलं होतं. आता तिथल्या हॉस्पिटलातली जागा दुसऱ्या कुणाला देतील.

शब्दांत पोरगी कुठेच कमी नाही. परीक्षेत दोघींनी मिळून सहल ठरवायची, एकीने सुचवायचं, दुसरीने हरकत घ्यायची, एवढंच होतं. जोडीला नेमक्या आग्नेसबाई आल्या. परदेशातल्या लेकीकडे जायचं म्हणून परीक्षेला बसलेल्या, लहानपणी हिला धर्मशिक्षण दिलेल्या. त्या म्हणाल्या पहाटे निघू, ही म्हणाली हो. चालत जाऊ. हो. पाऊस आला तरी जाऊ. हो!

"अगं, पावसात चालत? एकदा तरी नाही म्हणायचंस!"

"बाईंना कसं म्हणू, मॅडम? रविवारी चर्चमध्ये भेटतात ना."

"मग मार्कही चर्चमध्येच माग!" बोलून गेले.

इतकी वर्षं शिकवतेय. उच्चार घासूनपुसून घेते, पण मोठ्यांपुढे तोंड उघडायला कसं शिकवायचं? ते माझ्याच्याने होणार आहे का?

शेवटी म्हटलं, आता मला विरोध कर. मी म्हणते, जर्मन सोड आणि गावी निर्मळला घरी बस. दे उत्तर, जर्मनमध्ये.

तिचे डोळे भरले. मग हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "हो मॅडम, तुमचं बरोबर आहे."

उच्चारात एकही चूक नव्हती.