चष्मेवाली सम्राज्ञी

मंगळवार, बारा तारीख, जेवणाची सुट्टी

ताईस नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो, खोकलाही गेला. सात महिन्यांत पहिलंच पत्र, म्हणून अक्षर नीट काढतोय.

बातमी अशी, की माझी कादंबरी छापतायत, मी बाइंडिंग करतो त्याच छापखान्यात. बायझंटाइन सम्राज्ञीची गोष्ट. खेळ करून पोट भरणारी पोर सिंहासनावर बसते. राजधानी पेटते, नवरा हातपाय गाळतो, मंत्री पळायला नावा तयार ठेवतात, आणि ही म्हणते, मी जाणार नाही.

मला वाटायचं, ही म्हणजे तीच, जिच्यापायी मी कॉलेज सोडलं. ती इथे प्रूफं तपासते. सगळे तिला खोडरबर म्हणतात. काल तिने पानं माझ्यापुढे टाकली.

“दीड हजार वर्षांपूर्वीच्या राणीला चष्मा?”

“कुठे?”

“सतरा ठिकाणी. नाही म्हणायच्या आधी दरवेळी डोक्यावर सरकवते. मी चष्मा लावत नाही, राजे. आणि मी पहिल्याच नावेत बसले असते. ही आहे कोण?”

मी भडकलो. तुला माहीतच आहे. प्रूफं आपटून जिना उतरू लागलो आणि चौथ्या पायरीवर थबकलो.

बाबा गेल्यावर दोन्ही काका दुकानाच्या उंबऱ्यात उभे होते. पोरीच्या जातीला शिलाईचं दुकान झेपायचं नाही, टेम्पो आणलाय, सामान भर. तू चष्मा वर सरकवलास. “मी इथून हलणार नाही. बाजूला व्हा, उजेड अडतोय.” आणि मशीन सुरू केलंस. मी नऊ वर्षांचा होतो. आपल्याला हात लावायची कुणाची टाप नाही, असं वाटलं होतं. अजून वाटतं.

मी कॉलेज सोडतो म्हणालो तेव्हाही तू चष्मा वर सरकवलास. तेव्हा मी म्हणालो, तू माझी आई नाहीस. एवढं लिहायला सात महिने लागले.

खोडरबरने सतराही चष्मे उडवले. (तिच्यावरचं प्रेम आहे तसंच आहे. ती हसते, तेवढ्यावर चाललंय.) एक मात्र मी भांडून अर्पणपत्रिकेत ठेवलाय: ‘चष्मा डोक्यावर सरकवणाऱ्या माझ्या ताईस’.

रविवारी सकाळी पहिली प्रत घेऊन येतो. उंबऱ्यात उभा राहीन, उजेड सोडून. मला बघून चष्मा नाकावरच राहू दे.

पहिल्याच नावेत बसून गेलेला,
तुझा धाकटा