नारळाच्या बाटलीतलं सापाचं तेल

पपा,

खाली दुकानात जातेय, नवं तेल आणायला. बोलायला तोंड उघडलं तर ओकारी येईल, म्हणून लिहून ठेवतेय.

नारळाच्या तेलाच्या बाटलीत सापाचं तेल तुम्हीच ओतलंत. मी त्यात सकाळचे बेक, आपले पिठाचे गोळे, तळले आणि चार खाल्ले. शेजारच्या एर्नेस्टीन काकूंनी तीन खाल्ले, वर विचारलं, "पीठ कुठलं गं, वेगळीच चव लागतेय." तुम्ही मात्र "भूक नाही" म्हणत नुसता खारा मासा चिवडत बसलात. आम्ही अजगराच्या चरबीत तळलेलं गिळत होतो आणि तुम्ही बघत होतात. तेलापेक्षा मला त्याचीच जास्त किळस आली.

या दमट हवेत गुडघे कसे आहेत, म्हणून किती वेळा विचारलं. "लोखंडासारखे," म्हणालात. इथे लोखंडाला गंज चढतो, पपा. दुखतंय कळलं तर मी तुमचं डोंगरावरच्या बागेत जाणं बंद करून तुम्हाला शहरात, रोझोला भावाकडे पाठवीन, असं वाटलं, म्हणून गुडघ्यांना चोळायचं तेल त्या बाटलीत लपवलंत ना? मला विचारायचं तरी.

कढई मागच्या दारी ठेवलीय, ती तुम्ही घासायची. बाटलीत बोटभर तेल उरलंय, ते टाकू नका. मी येईपर्यंत पायजमा वर करून बसा. नाक दाबून का होईना, चोळून मीच देईन.

आणि काकूंना एक अक्षर बोलू नका. जाताना म्हणाल्या, आज कधी नव्हे ते गुडघे हलके वाटतायत.

एल्मिना