न खचणारी पाइल

५ नोव्हेंबर १९६८
आलो एकदाचा भाईंदरला. खाडीजवळच्या मिठागरात मोठी शेड उभी राहायचीय. तिच्या पाइल, म्हणजे चिखलात खोल ठोकलेले लोखंडी खांब, किती वजन पेलतील ते तपासायचं. हमालीतून मुकादमीपर्यंत आलो, आता चिखलाचीही परीक्षा घेतो म्हणा! पाइलवर फळ्यांचा माच, माचावर वाळूची पोती, खाली बसून नाथानं डायल बघायची, पाइल किती खचली ते. नाथा आमच्या रत्नागिरीकडचा, मला दादा म्हणतो. घावणे झकास करतो.

६ नोव्हेंबर
पाइल ठोकून आवाज ऐकायची माझी सवय. कान तिखट आहेत. आज हातोडा मारला तर खालून दोन ठोके आले. गंमत वाटली, मीही दोन दिले. मिठागराचे जुने मालक बाळारामशेठ बांधावर होते. चेहराच उतरला त्यांचा.
"चिखलान रुतलेला मानूस फळीवर ठोकतो, तवा आमी ठोका देताव. मंजे मानूस धाडताव, आसा सबूद. तू कोनाला सबूद दिलास?"
सबूद म्हणजे शब्द, वचन. मी हसून त्यांना चहा पाजला.

९ नोव्हेंबर
पोती चढली. या चिखलात पाइल बोटभर तरी खचायलाच हवी. डायल हलत नाही. साहेब खूश, आणखी चढवा म्हणाले. चिखल इतकं पेलत नाही, मला ठाऊक आहे. खालून कुणीतरी धरलंय.

१० नोव्हेंबर
पाइलला कान लावला. श्वास. ओझ्याखालच्या माणसाचा असतो तसा. नाथाला माचाखाली जाऊ दिलं नाही. चिडला, माझ्या पोटावर का मारता म्हणाला. शेवटी दटावून बांधावरून स्टेशनाकडे धाडला, गावी जा म्हटलं. सुटला बिचारा.

११ नोव्हेंबर
नाथा स्टेशनात पोचलाच नाही. बांधाशेजारी चिखलात त्याची एक चप्पल — बाळारामशेठ एवढंच म्हणाले, "धाडलास ना."

१२ नोव्हेंबर
मजूर पळाले. एकटाच माचावरची पोती खाली ओढतोय, संपत नाहीत. डायल जागच्या जागी.
दोन ठोके. मग आतून नाथाचा आवाज —
"दादा, आहात ना वर? जड होतंय."
शेठ बजावून गेलेत, उत्तर देऊ नको. दिलं की पुन्हा शब्द — पुन्हा एक माणूस.
पण माझा माणूस तो. एवढं ओझं धरून उभा, आणि वर कुणी नाही असं वाटू द्यायचं त्याला?
हातोडा घेतलाय. आहे रे नाथा, मी आहे — येतो —