हस्तलिखितातली अकरा चित्रं

९ जाने. शुक्र. कळंब

सकाळी नंदा जाधवचा फोन. दहावी ब, पहिला बाक. पन्नाशीला आली, धाराशिवला कॉलेजात शिकवते, पण माझ्या डोळ्यांपुढं अजून त्या दोन वेण्याच.

"सर, टेकाळे सरांचं पुस्तक काढतोय आम्ही. प्रस्तावना तुम्हीच लिहायची. त्यांना सगळ्यात जवळचे तुम्हीच."

मी लगेच 'हो' म्हणालो.

टेकाळे आमचा ड्रॉइंग मास्तर. जाऊन तीन वर्षं झाली. एका स्टाफरूममध्ये, एका टेबलाला, चौदा वर्षं. मी मराठी, तो चित्रकला.

सौ. ताक ठेवताना म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तोंड का असं?"

११ जाने. रवि.

नंदा येऊन गेली. टेकाळ्याच्या वहीची झेरॉक्स दिली. शाळेत त्यानं मुख्याध्यापकांच्या मागं लागून एक जाडजूड पुस्तक आणवलं होतं. आधुनिक चित्रकारांचं, इंग्रजी, पानभर रंगीत चित्रं. त्यातल्या एकेका चित्रावर त्यानं पोरांसाठी अर्धं-अर्धं पान मराठीत लिहून ठेवलंय. एकूण साठ चित्रं. अकरा आकड्यांपुढं मात्र काहीच नाही. कोरं.

नंदा म्हणते, "राहून गेलं असेल. ती पानं पण पुस्तकात नाहीत ना. शाळेच्या भंगारात मिळालं मला ते. अकरा पानं ब्लेडनं कापलेली." मग जरा थांबून, "सरांनीच कापली होती म्हणे, आमची बॅच बाहेर पडल्यावर उघडकीला आलं. रजिस्टरला नोंद आहे. मी मनोगतात लिहिलंय, चित्रवेडापायी. चालेल ना सर?"

मी चहाची बशी उचलली, ठेवली. "बघू," म्हणालो.

बघू!

१२ जाने.

वही वाचतोय. मी त्याच्या त्या चित्रांना काय काय बोललो होतो स्टाफरूममध्ये. नाक कपाळावर, डोळा पोटात. 'पोळ्याला आमचे बैल बरे रंगवतात.' सगळे हसायचे. तोही हसायचा, खडूचे हात पुसत.

एका चित्राबद्दल लिहितो. त्यात म्हणे नुसते दोन रंग आहेत, वर एक, खाली एक, बाकी काही नाही:

'ज्वारी काढल्यावरचं रान बघा. काय असतं त्यात? काही नसतं. तरी आपला बाप बांधावर उभा राहून बघत बसतो. तो काय बघतो ते त्याला विचारू नका. शेजारी उभे राहा.'

आयुष्यभर कविता शिकवल्या. अर्थ, रसग्रहण, अलंकार ओळखा. 'शेजारी उभे राहा' असं एकाही पोराला सांगितलं नाही.

१४ जाने. संक्रांत

तिळगूळ घ्यायला जुने विद्यार्थी आले. एक जण, आता अडत दुकान आहे त्याचं, मोठ्यानं म्हणाला, "सर, ते पानफाडे मास्तर आठवतात का?" बायकापोरं हसली.

मी हसलो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. मी पण हसलो.

१५ जाने. गुरु.

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय.

पानं मी कापली.

त्या वर्षी शाळेच्या हस्तलिखिताचा संपादक मी. पोरांच्या कविता, माझ्या दोन. सगळं सुवाच्य अक्षरात, शाईनं. फक्त चित्रं हवी होती. टेकाळ्याला म्हटलं, चंद्र काढ, नदी काढ, कवितेप्रमाणं. तो म्हणाला, "गुरुजी, कवितेला चित्र म्हणजे नवरदेवाला फेटा न्हाय. कविता तिच्या पायावर उभी असंल तर राहू द्या की."

मला झोंबलं. माझ्या कवितांना पाय नाहीत असं ऐकू आलं मला.

ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत गेलो, त्याचं पुस्तक काढलं, ब्लेड घेतलं. निळं चित्र नदीच्या कवितेला, पिवळं सुगीच्या कवितेला. अकरा. खळ लावून चिकटवली. वर-खाली कुठलं, ते मला कळलं नाही, आणि कळावं असंही वाटलं नाही.

जिल्ह्यात पहिलं बक्षीस. मुख्याध्यापक म्हणाले, "कॅलेंडरांतली चित्रं छान जमवलीत." टेकाळ्यानं हस्तलिखित शेवटपर्यंत चाळलं. एका पानावर थांबला. म्हणाला, "हे उलटं लागलंय गुरुजी." आणि तासाला निघून गेला.

बस. एवढंच बोलला. तेव्हा, आणि नंतर कधीही.

१६ जाने.

काल अर्धंच लिहिलं.

एप्रिलमध्ये पुस्तकांची मोजदाद झाली. ते पुस्तक कपाटात राहायचं, पण रजिस्टरला टेकाळ्याच्या नावावर होतं. अकरा पानं नाहीत. मुख्याध्यापकांनी त्याला बोलावलं, मीही तिथंच होतो, रजिस्टर धरून. "फाडली का?" त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "व्हय."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्याला पोरांसमोर उभं केलं. 'मी शाळेच्या पुस्तकाची पानं फाडली. माझं चुकलं.' सातशे पोरं. सुविचार सांगायची पाळी त्या दिवशी माझी होती. मी तो सांगितला. कुठला ते आठवत नाही, आणि ह्या न आठवण्यावरही माझा विश्वास नाही.

चित्रकलेची खोली बंद झाली. पुढच्या जूनला त्याची जिल्ह्यातल्याच वाशीच्या शाखेवर बदली. एस.टी.त त्याचं सामान चढवायला मी गेलो होतो. दोन बोचकी, एक घडीचं टेबल. निरोपाच्या चार ओळी करून नेल्या होत्या, भुजंगप्रयातात. त्यानं घडी करून खिशात ठेवल्या.

१९ जाने. सोम.

प्रस्तावनेचा पहिला खर्डा. 'रंगांच्या राज्यातील तो विरक्त यात्रिक' वगैरे. दोन पानं. सौ.ला वाचून दाखवला.

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "चांगलंय. पण ह्यात टेकाळे भाऊजी कुठं हायेत? तुमीच हाव सगळीकडं."

फाडला.

२१ जाने.

आज सौ.ला सांगितलं. सगळं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग विचारलं, "ते हस्तलिखित कुठंय?"

माझ्याच पेटीत आहे. शाळेत जागा नाही म्हणून मी घरी आणलं होतं. दरवर्षी कापूर घालतो.

"म्हंजे एवढी वर्षं ते आपल्याच घरात व्हतं," ती म्हणाली. "आन् मी त्याच पेटीवर बसून शेवया केल्या."

२२ जाने. गुरु.

अजून एक राहिलंय. सौ.लाही सांगितलं नाही ते.

त्या पुस्तकातल्या काही चित्रांची मागची बाजू कोरी होती; चिकटवायला सोपी म्हणून मी तीच कापली. टेकाळे तिथं पेन्सिलीनं लिहायचा. तास घेताना पान उभं धरलं की पोरांपुढं चित्र आणि त्याच्यापुढं मजकूर. वहीत जी अकरा कोरी आहेत ती राहून गेलेली नाहीत. ती त्या पानांच्या पाठीवर लिहिलेली होती.

खळ लावताना मला दिसलं होतं. बारीक अक्षर, उजवीकडं कललेलं. एका पानाच्या पहिल्या दोन ओळी वाचल्याही. चांगल्या होत्या. माझ्या कवितांहून चांगल्या होत्या.

वरून खळ फिरवली. काठापर्यंत नीट, कोपरे सुटू नयेत म्हणून.

२६ जाने.

झेंडावंदनाला शाळेत गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवलं. गुडघा दुखत नाही.

२८ जाने. बुध.

वाशीला जाऊन आलो. दहाची एस.टी. वाटेत सगळीकडं हुरड्याचा वास.

टेकाळे वहिनी अंगणात पापडाचं पीठ तिंबत होत्या. "या गुरुजी. लई दिसानं वाट चुकलाव." मुलगा लातूरला असतो, एकट्याच राहतात. पुस्तकाचं माहीत होतं. नंदा येऊन फोटो घेऊन गेली म्हणाल्या. "त्यांच्या तोंडावर कुणी चांगलं बोललं न्हाय, आता पुस्तक छापतेत."

मी सांगितलं. उभ्यानं, चप्पलही न काढता. कापलेलं, चिकटवलेलं, पेन्सिलीचं, परिपाठाचं.

वहिनींचे हात पिठात थांबले.

"म्या इचारलं हुतं त्यांला," त्या म्हणाल्या. "त्याच रातीला. खरं सांगा, तुमी फाडली का? म्हणले, व्हय. मला सुद्दा व्हय म्हणले."

त्यांनी बोटांना चिकटलेलं पीठ सोडवलं.

"बाजारात गेलं की बाया म्हणायच्या, पानफाड्याची बायकू आली. म्या घरी येऊन त्यांला घालून पाडून बोलायची. भिताडावर चित्र टांगू देत नव्हते, गुरुजी. म्हणायची, त्या फाटक्या चित्रांनी आधीच नाक कापलंय. मरायच्या आदल्या सालापतोर बोलले मी."

"वहिनी, चूक माझी..."

"तुमची तर हायेच." पीठ पुन्हा तिंबायला लागल्या, जोरात. "पर तुमी आता सांगून मोकळं झालाव. म्या ज्यांला बोलले त्यांच्यापशी आता कसं जाऊ? ते सांगा."

तेव्हा कुठं चप्पल काढली मी. चहा केला त्यांनी. साखर जास्त. निघताना म्हणाल्या, "मागं काय लिवलंय ते काढून द्या मला. बाकी तुमचं काय छापायचं ते छापा, न्हायतर नका छापू."

माफी त्यांनी दिली नाही. मी मागितली होती का, हेही आता नक्की सांगता येत नाही.

३० जाने.

प्रस्तावना लिहिली. अकरा ओळी. उपमा एकही नाही. पहिली ओळ: 'शाळेच्या चित्रांच्या पुस्तकातली अकरा पानं मी कापली. टेकाळे सरांनी नाही.' शेवटची: 'पानं माझ्या पेटीतल्या हस्तलिखितात आहेत, पाठीवर सरांचं अक्षर आहे.' खाली पूर्ण नाव, पद, शाळा.

सौ.नं दोनदा वाचली. "अक्षर वाकडं आलंय," म्हणाली. "पण हेच पाठवा. पुन्हा लिवायला बसलाव तर सुंदर करून ठिवताल."

पोस्टात टाकून आलो.

४ फेब्रु.

नंदाचा फोन नाही.

त्या पिढीतल्या पोरी शिक्षकाला देव मानायच्या. नंदाच्या कंपासपेटीत माझ्या हातची एक ओळ होती, शाबासकीची, कितीतरी वर्षं जपलेली. तिनंच सांगितलं होतं मला एका मेळाव्यात. अभिमानानं ऐकलं होतं मी.

७ फेब्रु. शनि.

फोन नाही. सौ. म्हणते, तुमीच करा. नंबर काढतो आणि ठेवून देतो.

टेकाळ्याची वही पुन्हा वाचली. एका चित्राखाली लिहिलंय: 'ह्या माणसानं हे चित्र सतरा वेळा पुसलं म्हणतात. पुसल्याच्या खुणा त्यानं झाकल्या नाहीत. बघा, सापडतील.'

वही मिटून बसलो.

१० फेब्रु. मंगळ.

नंदा आली. न कळवता, दुपारी. बरोबर एक बाई, धाराशिवच्या संग्रहालयात जुने कागद सांभाळतात त्या. पिशवीत कापूस, ब्रश, टिपकागद, पातळ सुरी.

पाया पडली नाही. दर वेळी पडते.

"हस्तलिखित द्या सर."

पेटी उघडून दिलं. त्या बाईंनी पान उजेडात धरलं. "खळ आहे म्हणून बरं. पाण्यानं सुटेल. पण शाई फाउंटन पेनची. पाणी लागलं की शाई पसरेल, कविता जातील."

नंदानं माझ्याकडं बघितलं. त्यातली एक कविता तिची होती, दहावीत लिहिलेली. ती कविता मी आजही न अडखळता म्हणून दाखवू शकतो.

"फोटो काढून ठेवू आधी?" मी म्हणालो.

"काढलेत बाईंनी. सुरू करू?"

मी मान हलवली. मग वाटलं, मान हलवणं पुरेसं नाही. आजवर मान हलवूनच सगळं केलं. म्हणालो, "करा. माझ्या कवितेपासून करा."

ओसरीत, उन्हात, सौ.च्या पोळपाटावर. ओला कापूस ठेवत, उचलत, तास-दीड तास. माझी शाई निळी होऊन टिपकागदात उतरली. आधी शेवटचं कडवं गेलं, मग वरचं. सौ. आतून सारखं विचारत होती, "सुटलं का गं?"

कोपरा सुटला. मग अर्धं. बाईंनी चित्र पालथं केलं.

खळीचा पिवळट थर. त्याखाली पेन्सिल, कुठं आहे, कुठं गेली. नंदानं भिंग धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागली, वर्गात वाचायची तशीच, एकेक शब्द सोडवत:

"'पोरांनो, हे चित्र मला बी... सगळं कळलेलं न्हाय. आपण मिळून...'"

पुढं थर जाड होता. बाई म्हणाल्या, वाळू द्या, उद्या पुन्हा ओलं करून बघू. निघेलच असं सांगत नाही.

नंदा उद्या येणार आहे. वहिनींना वाशीहून घेऊन येते म्हणाली. प्रस्तावनेचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

पान ओसरीत वाळतंय. वाऱ्यानं उडू नये म्हणून जवळ बसलोय.