खुदाईच्या दाखल्यात चुकून लागलेले देवपण काढून टाकण्याविषयी

प्रति,
मेहेरबान तहसीलदारसाहेब,
तहसील कचेरी, लिंबदरी.

विषय: अर्जदार देव नसून माणूस असल्याबद्दल लेखी दुरुस्ती मिळणे.
संदर्भ: आपल्या कचेरीचा दाखला, दि. ३ मे १९४१.

महोदय,

१. अर्जदार व्यंकटराव दाजीबा कऱ्हाळे, राहणार जवळा बाजारानजीक, हा बी. ए. असून शाळेत गणित शिकवतो. सारी उमेद त्रैराशिकात गेली आणि तिशीत गड्याला पुरातत्त्वाचे वेड लागले. पुण्याच्या एका संस्थेने कळवले की, गणितवाल्यास एम. ए.ला घेऊ, पण खोदकाम केल्याचा सरकारी दाखला आणा. अर्जदाराने दोन उन्हाळे गावच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे उजाड वस्तीच्या टेकाडावर, सुतळीने चौकोन आखून वीत वीत माती उकरली, साडेचारशे खापरांवर नंबर घातले. लोक हसले. हसोत बापडे.

२. सरकारी रिवाजाप्रमाणे दाखला उर्दूत झाला. उर्दूत खुदाई दोन: एक जमीन खोदण्याची, दुसरी देवपणाची. लिहिताना फरक काय तो पहिल्या अक्षराचा. आपल्या कारकुनाने नेमकी दुसरी लिहिली. सबब, अर्जदाराने दोन वर्षे देवपण समाधानकारक केले, असा शिक्क्याचा दाखला पुण्यास गेला आणि तसाच परत आला.

३. दुरुस्ती मागितली, तर शिक्का खोटा कसा म्हणावा म्हणून कचेरीने चौकशी लावली! शेजारच्या भिकाबाईने जबाब दिला, "मास्तर देव आसता तर माही म्हैस काहून आटली आसती?" लखमा कोतवालाने मात्र नोकरीच्या भयाने "व्हय, देवच हाय" म्हणून अंगठा उठवला. साक्षी बराबरीत सुटल्या, प्रकरण तहकूब.

४. प्रवेशाची मुदत ३० जूनला संपते. वयाच्या अटीमुळे पुढल्या साली अर्जदारास कोणी दारात उभे करणार नाही. साहेब, त्याचा जीव त्या मातीत अडकला आहे हो. काल तो कचेरीत आला, तेव्हा त्याच कारकुनाने दुरुस्तीचा कागद बाजूला सारून, स्वतःची बदली कळमनुरीस व्हावी म्हणून त्याच्यापुढे नारळ ठेवला. अर्जदाराने तो घेतला नाही. बदलीस मात्र त्याची मनापासून संमती आहे.

आपला नम्र व मर्त्य,
व्यंकटराव दाजीबा कऱ्हाळे
(लिहिणार: किसनराव अर्जनवीस)
दि. २१ जून १९४१

सोबत: १) बी. ए.ची सनद. २) खापरांची वही. ३) अर्जदारास दिवसाआड हिवताप येत असल्याची दवाखान्याची चिठ्ठी, माणूसपणाच्या पुराव्यादाखल.