कांद्याच्या पातीला तू काय म्हणायचीस?

प्रिय याडी,

'याडी' लिहिताना हात अडखळला बघ. लोकांसमोर तुला 'आई' म्हणायची सवय माझी मीच लावून घेतली ना! मस्कतच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून परवा तांड्यात आले. तू गेलीस तेव्हा येता आलं नाही. आता तुझ्याच ओट्यावर बसून लिहितेय, कारण एक गोष्ट तुला विचारायची राहून गेली.

तिथे माझ्याबरोबर इंडोनेशियाची यांती होती, जावा बेटावरची. त्यांच्यात लसूण म्हणजे पांढरा बावांग, बारका कांदा म्हणजे तांबडा बावांग. आणि आपला मोठा कांदा? बावांग बोंबाय! मुंबईचा कांदा! मी पोट धरून हसले. पण तिच्या आईचा फोन आला की तोच बारका कांदा 'ब्रांबांग' व्हायचा. घरची बोली. सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात!

आणि मी? तू व्हिडिओ कॉलवर आपल्या गोरबोलीत सुरू झालीस आणि मी दातओठ खाऊन म्हणाले, "मराठीत बोल ना, खोलीतल्या पुण्याच्या मुली ऐकताहेत." त्यानंतर तुझं बोलणं एवढंच उरलं, "जेवली काय? बरी हाय ना? ठेवू का?" अख्ख्या तांड्याला हसवणारी तू! फार लाज वाटते गं मला.

एकदा यांतीने विचारलं, "तुझी आई कांद्याच्या पातीला काय म्हणते?" मी तोंड उघडलं, पण शब्दच आठवेना. आश्रमशाळेत गेल्यापासून तो मी तोंडातून काढून टाकला होता.

आज मावशी पात चिरत बसली होती. तिला विचारलं.

"कांद्याची पात. आन् काय?"

"तसं नाही गं, आपल्या बोलीत."

"नाही बाई. तुयासमोर मराठीतच बोलाचं, तुई माय सगळ्याईले सांगून गेली. पोरीले लाज वाटते म्हने."

काहून केलंस असं, याडी? दोन शिव्या हासडायच्या होत्यास, गोरबोलीतच!

आता मावशीच्या चुलीपाशी ठाण मांडणार आहे. ती बोलेपर्यंत उठायची नाही. मी चुकेन, पोरं हसतील, हसू देत. आणि पुढच्या बाजाराला उमरखेडच्या भर गर्दीत मावशीला लांबूनच ओरडून सांगेन, पात घे म्हणून. तुझ्या शब्दात.

तुझी छोरी,
सविता